सलाईनची बाटली टांगली की झाली का वैद्यकीय कला?

कृष्णाकाठी (धागाकर्ता)
सांगलीत तिघा-चौघा चित्रकारांचं मिळून एक छोटं प्रदर्शन घाटतंय. विषय वैद्यक. मिरजेत १८९४ पासून मिशनचं इस्पितळ आहे, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शिवाय गल्लीगणिक दवाखाने आणि लॅब. त्यामुळे इथल्या माणसाला विषयाची ओळख करून द्यायला नको. कच्चा बेत असा:

एक, खिडक्यांच्या काचांवर जुन्या एक्स-रे फिल्म, मागून उजेड. दोन, छताला नऊ सलाईनच्या बाटल्या, त्यातून हळदीचं पाणी थेंबथेंब खाली पांढऱ्या कापडावर (सांगली म्हटल्यावर हळद आलीच). तीन, फॉर्मलिनच्या बरणीत बोकडाचं काळीज. चार, जिवंत माणसांच्या चेहऱ्यांचे साचे.

एप्रिल महिना, नऊ दिवस, हॉल सकाळी दहा ते रात्री आठ उघडा. यातलं काय टिकेल, काय फसेल? आणि खरा प्रश्न म्हणजे, एवढं टांगलं की ती वैद्यकावरची कला होते, की नुसतं दवाखान्याचं सामान?

भडंग
एप्रिलमध्ये सांगलीत काय टिकतं तेच आधी कुणीतरी सांगा.

बरणी
बोकडाचं काळीज म्हणजे नक्की काय हवंय? मटणवाल्याकडं काळीज मागितलंत तर तो यकृत देणार. हृदय हवं असेल तर तसं सांगून आदल्या दिवशीच ठेवायला लावा, नाहीतर सुरी लागलेलं मिळतं.

तंतुवाद्य
कवी लोक गेली शेकडो वर्षं यकृतावरच लिहितायत म्हणजे.

डार्करूम
एक्स-रेबद्दल. फिल्म दोन जातींच्या असतात आणि दोन्हींचं वागणं वेगळं. जुनी ओली (रसायनात धुऊन काढलेली) फिल्म म्हणजे निळसर पॉलिएस्टरवर बहुधा दोन्ही बाजूंना जिलेटिनमध्ये बसवलेली चांदी. ही उजेडाला घट्ट असते. हल्ली डिजिटल सेंटरमधून मिळते ती कोरडी फिल्म. तिच्यावर चित्र उष्णतेनं उमटलेलं असतं, आणि पुन्हा उष्णता मिळाली की ती पुन्हा काळी पडते. ओळखायचं असेल तर कोपऱ्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवा. काळा डाग आला तर कोरडी.

आता ही कोरडी फिल्म एप्रिलात पश्चिमेच्या खिडकीला लावली, वर मागे हॅलोजन ठेवला, तर फासळ्या हळूहळू धुरकट होत जातील. मागून उजेड हवाच असेल तर एलईडी पॅनल घ्या, फिल्म आणि पॅनलमध्ये दोन बोटं हवा खेळती ठेवा आणि खिडकीचा नाद सोडा.

फिल्म कुठून आणणार? भंगारवाले चांदीसाठी ओल्या फिल्म किलोवर घेतात, त्यांच्याकडं मिळतील. २०१९ च्या पुरात भिजलेले गठ्ठे असतील तर चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नका, जिलेटिन सोलून निघतं. पुन्हा स्वच्छ गार पाण्यात तासन्‌तास बुडवा, आपोआप सुटायला लागल्या की एकेक काढून दोरीवर वाळवा. कोमट पाणी घातलंत तर जिलेटिन वाहून जाईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोपऱ्यातलं नाव, वय, तारीख. ते तसंच लावायचं नाही. ओल्या फिल्मवर कापसानं घरातलं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) त्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी फिरवा, थर विरघळून स्वच्छ निळी खिडकी उरते. तीच दिसायला सगळ्यात छान दिसते, हे आपलं माझं मत. कोरड्या फिल्मला सरळ काळी टेप.

कुंचला
डार्करूमनी खिडकीचा जीव घेतला ते बरंच झालं. एक्स-रे लावणं ही कल्पना आता फार वापरून झालीय. मेरेट ओपेनहाइमनं १९६४ साली स्वतःच्या कवटीचा बाजूनं काढलेला एक्स-रे हेच आत्मचित्र म्हणून मांडलं. कानातलं आणि अंगठ्या ठसठशीत, चेहरा गायब. राउशेनबर्गनं १९६७ मध्ये 'बूस्टर' या छापचित्रात स्वतःचा डोक्यापासून पायापर्यंतचा एक्स-रे तुकडे जोडून घातला. पण दोन्हीकडं एक्स-रे कुणाचा आहे याला अर्थ आहे. भंगारातून किलोवर आणलेल्या अनोळखी छात्या खिडकीला लावल्या तर तो पडदा झाला.

मूळ प्रश्नावर माझं म्हणणं असं की वैद्यकाचं सामान उसनं घेणारी कला लवकर विटते, वैद्यकाची कृती उसनी घेणारी टिकते. ब्रिटिश म्युझियममध्ये 'क्रेडल टू ग्रेव्ह' आहे, २००३ सालचं. एक विणकर, एक व्हिडिओ कलाकार आणि एक डॉक्टरीणबाई अशा तिघांचं काम. जाळीदार विणीत छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक गोळी. एक पट्टा बाईचा, एक पुरुषाचा, आणि प्रत्येकात १४ हजारांहून जास्त गोळ्या. ब्रिटनमधल्या एका माणसाला जन्मभरात सरासरी लिहून दिल्या जातात तेवढ्या. गोळ्या म्हणजे सामानच की. पण तिथं मोजणी आणि क्रम हे दोन्ही दवाखान्याच्या केसपेपरातून आलेत. पट्ट्याच्या बाजूनं चालत जाताना आपण कुणाची तरी फाईल चाळत असतो.

बरणी
कुंचला, अर्धंच सहमत. डेमियन हर्स्टचं १९९२ चं 'फार्मसी' बघा. औषधांची रिकामी खोकी कपाटात, बस. पण डोक्याची औषधं वरच्या फळ्यांवर, पोटाची मधे, पायाची खाली. कपाट म्हणजे माणूस. काउंटरवर पृथ्वी-आप-तेज-वायूसाठी रंगीत पाण्याच्या चार बाटल्या. यात कृती कुठली? मांडणीच तर आहे.

कुंचला
मांडणी ही केमिस्टची कृतीच आहे हो. मेडिकलवाल्याला विचारा, चिठ्ठी बघून न वळता हात नेमका त्या फळीवर कसा जातो.

भडंग
आमच्या मेडिकलवाल्याचा हात आधी चिल्लरऐवजी द्यायच्या गोळीवर जातो.

बरणी
बरं, फॉर्मलिन. यात सगळ्यात जास्त गोंधळ टक्क्यांचा होतो. बाजारात मिळतं ते फॉर्मलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं ३७ ते ४० टक्के द्रावण. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग म्हणजे '१० टक्के फॉर्मलिन', आणि त्यात फॉर्मल्डिहाइड साधारण ४ टक्केच. पुस्तकात ४ वाचून कुणी फॉर्मलिनच ४ टक्के घेतं आणि नमुना आतून नासतो. द्रावण आम्ल होत जातं म्हणून तळाला चिमूटभर खडूची पूड.

हृदय आधी पाण्याखाली धरून आतलं रक्त पूर्ण काढायचं, कप्पे कापसानं भरायचे म्हणजे आकार बसत नाही, मग आकारमानाच्या दहा-वीस पट द्रावण. बरणीच्या तळावर ठेवायचं नाही, दोऱ्यानं लटकवायचं, नाहीतर टेकलेली बाजू चपटी आणि कच्ची राहते. द्रावण बाहेरून आत मिलिमीटर-मिलिमीटरनं शिरतं, म्हणून मोठ्या अवयवाला सुईनं आतूनही द्यावं लागतं. हर्स्टनं १९९१ मध्ये फॉर्मलिनच्या टाकीत ठेवलेल्या शार्कचं इथंच चुकलं. आत पुरेसं पोचलं नव्हतं, पाणी गढूळ झालं, कातडी सुरकुतली, आणि २००६ मध्ये दुसरा मासा आणून, नीट टोचून, बसवावा लागला. कोट्यवधींची कलाकृती आणि चूक पहिल्या वर्षाच्या पोराची.

शिवाय लाल रंग राहत नाही, दोन दिवसांत सगळं मातकट होतं. आणि फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. बंद हॉलमध्ये, एप्रिलात, लोकांच्या नाकाखाली? माझ्याकडून नाही. करायचंच तर आठवडाभर मुरवून, वाहत्या पाण्यात दिवसभर धुवून, मग ग्लिसरीनमध्ये ठेवा आणि झाकण सील करा.

तंतुवाद्य
मार्क क्विननं १९९१ मध्ये स्वतःच्या साडेचारेक लिटर रक्ताचं डोकं गोठवून फ्रीजमध्ये ठेवलं, दर पाच वर्षांनी नवं करतो. ते सांगलीत मांडू नका. लाईट गेली की प्रदर्शन फरशीवर.

सिस्टर_नाईटड्युटी
सलाईनवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. पहिली गोष्ट, वॉर्डातल्या वापरलेल्या बाटल्या-नळ्या मागायच्या नाहीत. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळ्या-बाटल्या लाल पिशवीत जातात, सुया पांढऱ्या डब्यात, तिथून परस्पर बाहेर काढणं गुन्हा आहे. नवे सेट काही महाग नसतात.

दुसरी, हिशेब. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. ५०० मिलीची बाटली म्हणजे १० हजार थेंब. हॉल दहा तास, म्हणजे ६०० मिनिटं. मिनिटाला सतराच्या आसपास थेंब ठेवलेत तर बाटली दिवसभर पुरते. पण नळीवरचा चाकाचा क्लॅम्प एकदा लावला की झालं असं नाही. चाकाखाली दबलेली नळी हळूहळू आकार बदलते आणि गती सरकते. तासाला एकदा घड्याळ धरून मोजावं लागतंच.

तिसरी, हवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत हवा शिरायला वाट नसेल तर ती आकसते आणि थेंब मंदावतात. मग कुणीतरी उलट्या बाटलीच्या वरच्या बुडात सुई खुपसतं. पेशंटला ते करू नयेच, जंतू आत जातात. पण प्रदर्शनातही त्यानं गती बिघडते, कारण पाण्याची उंची जशी कमी होईल तसा जोर कमी. हवा खाली, टोचणीच्या तोंडाशी घेणारा सेट घ्या. मग बुडबुडे खालून वर जातात आणि गती बाटली संपेपर्यंत जवळपास एकसारखी राहते.

चौथी, हळदीचं पाणी विसरा. थेंब पडतात त्या चेंबरच्या तळाशी बारीक जाळी असते. हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते आणि बसते. अर्ध्या तासात नऊच्या नऊ बंद.

दातकोरणं
सिस्टरना सलाम. हवेच्या सुईचं इतकं नीट कुणी सांगितलेलं वाचलं नव्हतं.

चेहऱ्याच्या साच्यांचं मी सांगतो. अल्जिनेट वापरा, दाताच्या दवाखान्यात जबड्याचं माप घेतात तेच. पण दातांसाठीचं जलद जातीचं घेऊ नका, चेहरा निम्मा होईस्तोवर घट्ट होतं. एका चेहऱ्याला अर्धा किलोच्या आसपास. पाणी जितकं गरम तितकं ते लवकर बसतं, आणि एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहाच. फ्रीजचं पाणी मिसळून घ्या. भुवया-पापण्यांना व्हॅसलीन. नाकपुड्यांत स्ट्रॉ घालू नका, नाक फेंदारलेलं येतं. नाकपुड्या मोकळ्या सोडून कडेकडेनं बोटानं लावायचं आणि समोरच्याशी हाताची खूण आधी ठरवून ठेवायची. वरून प्लास्टरच्या पट्टीचे दोन-तीन थर, नाहीतर काढताना रबरासारखं लवतं. काढल्यावर लगेच प्लास्टर ओता. अल्जिनेट पाणी सोडत आकसतं, चहा पिऊन येतो म्हटलंत तर वेगळाच माणूस निघेल.

प्लास्टर थेट अंगावर जाडसर ओतू नका. घट्ट होताना ते तापतं. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीनं कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात रोवले आणि भाजून बोटं गमावली.

अवांतर: मिठू सेन यांनी 'बॉर्डर अनसीन' दाताच्या कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकमध्ये केलंय, हिरड्या आणि दात, लांबच लांब. लॅबवाला ते बघून आधी बुडबुडे शोधणार. घाईनं तापवलं की त्या ॲक्रिलिकमध्ये बुडबुडे धरतात.

औंधकर_पायी
एवढं प्लास्टर ओतायच्या आधी एकदा साताऱ्याकडच्या औंधला या. भवानी संग्रहालय, १९३८ चं. ज्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला त्यांनीच रविवर्मा-धुरंधरांची चित्रं जमवली. शरीर आणि चित्र एकाच माणसाच्या डोक्यात.

भडंग
आले सातारकर. पेढे कुठायत?

जुनं_बाड
साच्यांवरून आठवलं. कुंचला म्हणतात ती 'कृती' पुण्यात घडलेली आहे आणि तिचं चित्रही त्याच वेळी निघालेलं आहे. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. ही हकिकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

पद्धत अशी. मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या खुंटावर बसवून चांगल्या नाकाचा आकार करायचा. तो काढून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवून भोवतीनं रेघ मारायची. त्या रेघेनं कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची, रक्त तिथूनच येतं. जुन्या नाकाच्या कडेला खाच घेऊन ती कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि खाचेत बसवायची. चिकटवायला काथ, पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरलेला, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस हात लावायचा नाही. मग तुपाच्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. आजही कपाळाची कातडी वापरून नाक करतात तेव्हा ती पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात.

आणि चित्र? जेम्स वेल्सनं कावसजीला समोर बसवून काढलं. सवाई माधवराव आणि नाना फडणीसांचं चित्र काढणारा तोच वेल्स. इंग्लंडात कार्प्यू या सर्जननं अशी शस्त्रक्रिया केली ती १८१४ मध्ये, ही बातमी वाचूनच.

दातकोरणं
वा! मेणाचं सपाट केलेलं नाक म्हणजे आमच्या भाषेत पॅटर्न. हल्ली त्यासाठी टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी फॉइल कापून वापरतात. मेणच हवं असेल तर दाताचं गुलाबी मॉडेलिंग वॅक्स तयार पत्र्यात मिळतं, पण भिंतीला लावलंत तर एप्रिलच्या दुपारी वाकून खाली येईल.

कुंचला
कृष्णाकाठी, बरणीतल्या हृदयाची जागा इथं भरून निघते. चेहऱ्यांचे साचे करताच आहात, तर त्यांच्याच नाकावरून मेणाचा पापुद्रा उचला, सपाट करा, आणि त्या सपाट आकाराची रेघ कपाळावर ओढा. रक्त नाही, अवयव नाही. नाक सपाट केल्यावर ते अजिबात नाकासारखं दिसत नाही, पिंपळाच्या पानासारखं काहीतरी दिसतं. तेच दाखवा.

हेन्री टॉन्क्स सर्जन होता आणि चित्रकारही. पहिल्या महायुद्धात गिलीज या प्लास्टिक सर्जनकडं आलेल्या जखमी चेहऱ्यांची त्यानं पेस्टलमध्ये चित्रं केली. बार्बरा हेपवर्थनं १९४७ ते ४९ मध्ये शस्त्रक्रियागृहात उभं राहून चित्रं काढली, त्यात कापलेलं शरीर जवळजवळ दिसतच नाही. मास्कवरचे डोळे आणि हात. गुळगुळीत पांढऱ्या रंगाच्या थरावर पेन्सिल आणि खरवडणं. सर्जनचा हात आणि शिल्पकाराचा हात तिला एकच वाटला.

जुनं_बाड
आपल्याकडं सुधीर पटवर्धन. २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, आणि चित्रांत एक्स-रे नाहीत, लोकलमधली, रस्त्यावरची माणसं आहेत. गीव्ह पटेल मुंबईत जनरल प्रॅक्टिस करायचे, त्यांनी चिरडलेलं डोकं रंगवलं आणि विहिरीत वाकून बघणंही रंगवलं. डॉक्टर असून सामान टांगलं नाही दोघांनी.

बरणी
आणि हाडं कुणी सुचवायच्या आत सांगतो. अनिता दुबे यांनी १९९७ मध्ये खरी मानवी हाडं लाल मखमल, मणी, लेस यांनी मढवली. अप्रतिम काम आहे. पण आज एखादा सीनियर हाडांची पेटी देतो म्हणाला तरी नको. एके काळी जगभरच्या कॉलेजांना सांगाडे भारतातून जायचे, १९८५ मध्ये निर्यात बंद झाली. ती माणसं कोण होती याचा कागद कुठंच नसतो. क्रिस्टीन बोरलंडनं १९९४ मध्ये असाच विकत घेतलेला सांगाडा घेऊन तज्ज्ञांकडून त्याचा चेहरा पुन्हा घडवून घेतला, 'फ्रॉम लाइफ'. तिची कलाकृती म्हणजे हाच प्रश्न.

तंतुवाद्य
मिरजेत तंबोरा आणि हाड, दोन्ही जुळवून मिळतं. विकत फक्त तंबोरा घ्या.

कृष्णाकाठी
धन्यवाद मंडळी. खिडकी बाद, बरणी बाद, नाक पक्कं. पण हळद सोडवत नाही. खायचा पिवळा रंग घातला तर चालेल ना सिस्टर?

सिस्टर_नाईटड्युटी
चालेल, पण मग हळद कुठाय त्यात?

डार्करूम
उलटं करा. हळद बाटलीत नको, कापडात. सुती कापड हळदीत रंगवून वाळवा आणि बाटलीतून रंगहीन अल्कली सोडा. थेंब पडला की लाल. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तेच. रसायनशाळेत हळदीचा कागद याच कामाला असायचा. चुन्याची निवळी वापरू नका. हवा लागली की तिच्यावर साय धरते आणि सिस्टर म्हणतात ती जाळी बुजते. धुण्याचा सोडा घ्या, ५०० मिली पाण्यात ५ ग्रॅम, फिल्टर पेपरमधून गाळून. हातमोजे घाला.

फसण्याच्या जागा: लाल रंग टिकत नाही, काही तासांत विटकरी आणि मग मळकट होतो, उजेडात हळदही उडते. म्हणून कापड रोज नवं. शिवाय एकाच जागी १० हजार थेंब म्हणजे डबकं.

सिस्टर_नाईटड्युटी
मग लहान मुलांचा सेट लावा, ६० थेंबांना १ मिली. मिनिटाला सहा थेंब ठेवले तर दहा तासांत ६० मिलीच जातं. कापड ताणून, खाली ट्रे. आणि प्रत्येक बाटलीला वॉर्डासारखा चार्ट अडकवा: वेळ, थेंब, सही. तासाला कुणीतरी मोजून लिहायचं.

कुंचला
तो चार्ट आणि मळकट झालेली नऊ-नऊ कापडं रोज भिंतीवर. बाकी काही लावू नका त्या खोलीत.

कृष्णाकाठी
ठरलं. मोजायला माणसं लागतील, दहा तास, नऊ दिवस. सिस्टर, निदान पहिल्या दिवशी?

सिस्टर_नाईटड्युटी
माझी नाईट आहे हो. सकाळी दहापर्यंत थांबून पहिली नोंद करून जाईन.

भडंग
दुपारची पाळी माझी. कुंकू झालेल्या कापडांचं पुढं काय करणार, ते तेवढं आधी सांगा, घरी विचारतील.